कावीळ नव्हती, नैराश्य होतं

मावसभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. नैराश्यामुळे तीन आठवडे त्याला अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि कंपनीत सर्टिफिकेट दिलं कावीळ झाल्याचं. "डिप्रेशन लिहिलं असतं ना दादा, तर पुढचं प्रोजेक्ट मिळालंच नसतं." मधे वहिनी त्याला चार दिवस गुहागरला घेऊन गेली. तिथला फोटो कुणीतरी पाहिला आणि ऑफिसात कुजबुज सुरू झाली: आजारी माणूस समुद्रावर कसा?

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. काही वर्षांपूर्वी याच आजाराने मी अकरा आठवडे घरी होतो. इथे डॉक्टर काम करण्यास असमर्थ असल्याचं लिहून देतात, पण कंपनीला कळतात फक्त तारखा. आजाराचं नाव जात नाही. पहिले ६ आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. पुढे आरोग्यविमा कर वगैरे कापण्याआधीच्या पगाराच्या ७० टक्के देतो. एकाच आजारासाठी ३ वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे. डॉक्टर एवढंच ठरवतात की हा माणूस सध्या त्याचं नेहमीचं काम करू शकतो का, किंवा केल्याने आजार बळावेल का. त्यामुळे मी रोज नदीकाठी फिरायचो, ते कुणाला खटकलं नाही. उलट डॉक्टरच फिरायला सांगायचे.

इथेही सगळं सुरळीत नाही. फोनवरून मिळणाऱ्या आजारपणाच्या चिठ्ठीवर राजकारणी सारखे संशय घेतात. मला विम्याच्या माणसाचा फोन आला होता, "कधी रुजू होणार?" त्या रात्री झोप लागली नाही. थेरपीसाठी तर चार महिने थांबलो.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने बसवलं. पण त्यातून उपचारांचा खर्च भागतो, बुडालेला पगार नाही. आजारपणात पगाराचा काही भाग देणाऱ्या ईएसआय या सरकारी कामगार विम्याच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, तीव्र नैराश्याचाही एक प्रकार आहे. पण तिथे पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. भाऊ त्याच्या बाहेर.

मला सर्वांत जास्त लागलं ते त्याचं परतणं. मी पहिले दोन आठवडे दिवसाला दोनच तास काम केलं, मग चार, मग सहा. तो सोमवारी गेला तो थेट नऊ तासांच्या पाळीला. सर्टिफिकेटनुसार त्याची कावीळ बरी झाली होती.