इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. सार असं: खऱ्या विश्वासणाऱ्याला औषध लागत नाही, बायबलमधला आसा राजा वैद्यांकडे गेला म्हणून मेला, बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी फक्त प्रार्थना सांगितली आहे, आणि प्रार्थनेनंतरही बरं झालं नाही, तर तुमच्या विश्वासात खोट आहे. एरवी मी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिच्या १३ वर्षांच्या मुलाला टाइप वन डायबेटिस आहे. "दादा, दोन दिवस इन्सुलिन बंद करून बघू का रे?"

म्हणून हे लिहितोय.

आधी आसा. बायबलमधलं २ इतिहास हे पुस्तक, अध्याय १६. बारावं वचन (दुखण्यात तो देवाकडे नाही, वैद्यांकडे गेला) एकटंच वाचलं तर मेसेज खरा वाटतो. त्याच्या आधीचीही वाचा. याच राजाने मंदिरातलं सोनंरुपं काढून मदतीसाठी अरामाचा राजा बेनहदाद याला पाठवलं, आणि त्याबद्दल सुनावणाऱ्या हनानी द्रष्ट्याला कोठडीत टाकलं. पायाच्या दुखण्यातही तो देवाकडे वळला नाही, ही तक्रार आहे. वैद्यांमुळे मेला असं तिथे कुठेही नाही. दुखणं राज्याच्या ३९व्या वर्षी लागलं, मरण ४१व्या वर्षी आलं. उलट यशया ३८ पाहा. आजारी हिज्कीया राजाला देव आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून देतो, आणि त्याच अध्यायात संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधायला सांगतो.

आता याकोब. मंडळीच्या वडीलवर्गाला बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं ५:१४ म्हणतं. ते तेल फक्त अभिषेकाची खूण होतं की औषधही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. असोत. औषध सोडा, हे वाक्य त्या पत्रात नाही. प्रेषित पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. आणि पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट वारंवार बिघडायचं तेव्हा पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास कमी पडतोय असं ऐकवलं नाही.

"दोन दिवसांनी काय बिघडतं?" असं बहीण विचारत होती. खूप बिघडतं. टाइप वनमध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरून मिळालं नाही तर रक्तात साखर साचत राहते आणि पेशी उपाशी. शरीर चरबी जाळायला लागतं, रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, धाप, मग शुद्ध हरपते. दोन दिवसही जास्त होतात. इन्सुलिन येण्याआधी ही मुलं बहुधा वर्ष-दोन वर्षांत जायची. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. पहिला डोस नीट शुद्ध नव्हता, काही दिवसांनी दिलेला दुसरा लागू पडला, आणि मरणाच्या दारातलं ते पोर पुढे तेरा वर्षं जगलं. आमच्या भाच्याच्या फ्रिजमधली ती इन्सुलिनची पेनं तिथून आली आहेत. मला तरी त्यात देवाचा हात दिसतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात निर्दय वाटतो: बरा झाला नाहीस तर खोट तुझ्यात. मग पौलाचा सहकारी त्रफिम, त्याचं काय? पौलाने त्याला मिलेतात आजारी ठेवूनच पुढचा प्रवास केला. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला त्रास, ज्याला तो काटा म्हणतो, देवाला तीनदा विनवूनही निघाला नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. आणि हा मेसेज तेच पाप एका तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठेवतो! मंदिराच्या शिखरावर सैतानही शास्त्रातलंच वचन काढून म्हणाला होता, उडी टाक, देवदूत झेलतील. येशूने उडी टाकली नाही. इथे तर मेसेज लिहिणाऱ्याला स्वतः उडीही टाकायची नाही, दुसऱ्याच्या लेकराला ढकलायचं आहे. देवाच्या प्रतिरूपात घडवलेला जीव कोणाचा विश्वास तपासायची पट्टी नसतो.

आमची आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये सुरू केलेल्या. लग्न होऊन इंदूरला आली. इंजेक्शन देण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची, मग सुई टोचायची. घाई असेल तर आधी सुई.

त्या रात्री बहिणीने डोस देईपर्यंत मी फोन ठेवला नाही. रविवारी उपासनेत भाच्यासाठी प्रार्थना झाली. सोमवारी इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या ओपीडीत त्याची तपासणी आहे; सकाळी आठला मी त्यांना घ्यायला जातोय.