दोन स्टार देणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर: वस्तरा, पट्टा आणि मानेवरचा उलटा हात

नमस्कार साहेब,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा. काचेच्या कपाटात जुने वस्तरे मांडलेत, दाढी मात्र अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने केली. एका दाढीला 35 मिनिटं लावली आणि 180 रुपये घेतले. दुसऱ्या हाताच्या वेळी, म्हणजे वस्तरा दुसऱ्यांदा फिरवताना, ब्रश न फिरवता बोटांनीच क्रीम फासलं. मानेवर उलटा हात मारायला, म्हणजे केसांच्या उलट दिशेने वस्तरा फिरवायला, कारागिराने नकार दिला, तिथे खुंट राहिले, दुसऱ्या दिवशी घरी रेझर फिरवावा लागला आणि तिसऱ्या दिवशी मानेवर पुळ्या आल्या. शिवाय तुरटीचं पाणी झोंबलं.

आधी वस्तऱ्याचं. कपाटातले वस्तरे अखंड पात्याचे आहेत, त्यांना धारही आहे, पण ते आम्ही कुणाच्या चेहऱ्याला लावत नाही आणि लावणारही नाही. अखंड पातं दगडावर अधूनमधून लावलं तरी चालतं, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र प्रत्येक दाढीआधी 30-40 वेळा फिरवावंच लागतं, नाहीतर ते केस ओढतं. खरी अडचण या पट्ट्याची आहे. पातं कितीही स्वच्छ केलं तरी शेवटी ते त्याच पट्ट्यावर जातं, ज्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचं पातं फिरून गेलेलं असतं. चामडं उकळता येत नाही, वाफेतही ठेवता येत नाही. पात्याचं नीट निर्जंतुकीकरण करायचं तर ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर किमान 15 मिनिटं दाबाची वाफ द्यावी लागते, आणि शिंगाची किंवा सेल्युलॉइडची मूठ ती सोसत नाही. डेटॉलच्या पाण्यात पातं बुचकळून काढलं की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळून गेलेल्या रक्तात, डोळ्यांना डागही दिसत नसताना किमान 7 दिवस तग धरतो. दाढीत रक्त दिसलं नाही म्हणजे कातडी कुठेच फुटली नाही, असंही नसतं. 28 जून 2020 ला महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडली तेव्हा केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. ती बंदी करोनाची होती, पण दाढी हे थेट कातडीवरचं काम आहे, ही गोष्ट करोना नसतानाही तितकीच खरी आहे.

म्हणून अर्धं ब्लेड. ते तुमच्यासमोर कागदी वेष्टणातच मधोमध मोडतात, वस्तऱ्यात बसवतात आणि दाढी झाली की फट असलेल्या बंद डब्यात टाकतात. हे सगळं खुर्चीतून दिसलं पाहिजे. आमच्याकडे असो वा दुसरीकडे, दिसलं नाही तर विचारा. आणखी एक गोष्ट बहुतेक लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवी: ब्लेड नवीन असलं तरी ते धरणारा वस्तरा तोच असतो, आणि फेस, केस, रक्त ब्लेडच्या खाचेत शिरतं. आमच्याकडे एक वस्तरा एका दाढीला वापरला की बाजूला जातो. खाच उघडून साबण आणि छोट्या ब्रशने घासायची, धुऊन पुसायची, मग 70 टक्के स्पिरिटमध्ये 10 मिनिटं बुडवून ठेवायचा. फेस न धुता स्पिरिटमध्ये टाकला तर त्या बुडवण्याला अर्थ नाही.

हाताची पद्धत जुनीच राहते. एका हाताने कातडी ताणायची, वस्तरा साधारण 30 अंशांत धरायचा, हात लहान-लहान मारायचे. कोन फार कमी झाला की केस ओढला जातो, फार वाढला की कातडी खरवडते. उलट अर्ध्या ब्लेडला हात जास्त हलका लागतो, कारण त्याची धार तेज असते आणि अखंड पात्याचं वजन त्याला नसतं. सगळ्यात धोक्याचा असतो ब्लेडचा कोपरा. हनुवटीच्या खळीत, कानाच्या पाळीजवळ आणि नाकाखाली बहुतेक काप याच कोपऱ्याने लागतात. तुम्ही इतक्या बारकाईने लिहिलंत, त्यात कापाची तक्रार नाही, याचं समाधान वाटलं.

ब्रशबद्दल. पहिल्या फेसाच्या वेळी कातडी अखंड असते, तेव्हा गरम पाण्यात साबणाने धुतलेला ब्रश चालतो. पहिला हात मारून झाल्यावर मात्र चेहऱ्यावर बारीक ओरखडे असू शकतात. तोच ब्रश त्यावर फिरवून पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायचा, म्हणजे ब्लेड बदलून मिळवलेलं सगळं घालवायचं. त्यामुळे दुसरं क्रीम हातमोजा घालून बोटांनीच लावायचं, हा दुकानाचा नियम आहे. ब्रशसारखा फेस येत नाही हे खरं, पण दुसऱ्या हाताला फेसाचा ढीग लागतही नाही. पातळ आणि निसरडा थर पुरतो.

आता मान. तुमच्या पुळ्यांसाठी हे नीट वाचा.

गालावर केस बहुतेकांचे वरून खाली जातात. मानेवर तसं नसतं. कंठमण्याच्या खाली ते अनेकदा वरच्या दिशेने येतात, बाजूला आडवे जातात, काहींना जबड्याखाली भोवरा असतो. दिशा ओळखायची ती कोरड्या दाढीवर, पाणी लावायच्या आधी. बोट फिरवल्यावर ज्या बाजूने टोचतं ती उलटी बाजू. कारागिराने सुरुवातीला तुमच्या मानेवरून बोटं फिरवली ती यासाठी. मानेवरचे केस कुरळे असतील आणि जुन्या पुळ्यांचे डाग दिसत असतील तर आमचा कारागीर तिथे एक सुलटा आणि फार तर एक आडवा हात मारतो, उलटा मारत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

कारण असं. कातडी ताणून उलटा हात मारला की केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. ताण सोडल्यावर तो खुंट आत जातो. वाढताना त्याचं तिरकं, टोकदार टोक छिद्रातून सरळ बाहेर येण्याऐवजी शेजारच्या कातडीत घुसतं, आणि शरीर त्याला काट्यासारखं वागवून सूज आणतं. वस्तऱ्याची आग वेगळी: ती काही मिनिटांत सुरू होते, लाल पट्टे दिसतात आणि एक-दोन दिवसांत ओसरते. आत वळलेल्या केसांच्या पुळ्या उशिरा येतात, टोकाशी बारीक काळा ठिपका किंवा केसाचं वेटोळं दिसतं. तुम्ही लिहिलंय की पहिल्या संध्याकाळी लाली नव्हती आणि पुळ्या तिसऱ्या दिवशी आल्या. मधल्या दिवशी घरी रेझर फिरला. तो तीन किंवा पाच पात्यांचा असेल तर पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं आणखी खालून कापतं. कुरळ्या केसांच्या मानेवर, आदल्याच दिवशी दाढी झालेली असताना, उलट्या दिशेने असा रेझर फिरवणं टाळायलाच हवं.

सध्या मानेवर काहीच फिरवू नका. पुळ्या बसेपर्यंत केस वाढू द्या, बऱ्याचदा वाढता केस आपणच सुटतो. नखाने फोडू नका, चिमट्याने उपटू नका. उपटलेला केस पुन्हा आतूनच वाढतो. दिवसातून दोनदा कोमट पाण्याची पट्टी 5-10 मिनिटं ठेवा. पू धरला, दुखायला लागलं किंवा गोल, खाजरी, कडेने पसरणारी चकती दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ती चकती गजकर्णाची असू शकते आणि त्याचा इलाज वेगळा असतो. मेडिकलमधून स्वतःहून स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका, त्याने गजकर्ण वाढतं.

तुरटीचं पाणी झोंबतं, हे खरं. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम तुरटी विरघळवून आम्ही कापसाने लावतो. खडा सगळ्यांच्या चेहऱ्यावर घासत नाही, त्याचं कारण चामड्याच्या पट्ट्याचंच: एकाला लागलेलं दुसऱ्याला लागतं. तुरटी बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि रक्त थांबवते. जिथे जास्त झोंबेल तिथे वस्तरा जास्त लागला असं समजायचं, आणि कारागिराला ती जागा जरूर दाखवायची. मिनिटभराने धुऊन टाकतो, नाहीतर कातडी कोरडी पडते.

35 मिनिटांतली निम्मी वस्तऱ्याची नाहीतच. केस पाणी पिऊन मऊ व्हायला 2-3 मिनिटं तरी ओले राहावे लागतात. गरम टॉवेल, फेस, पुन्हा टॉवेल यात तो वेळ जातो. हे उरकून टाकलं तर तेच ब्लेड ओढायला लागतं आणि मग दाब वाढतो. 180 रुपयांत ब्लेड, हातमोजे, धुतलेले दोन टॉवेल आणि हा वेळ आला. घाई असेल तर साधी दाढी 80 रुपयांत होते, फक्त सुलटा हात. ब्लेड आणि स्वच्छता तीच.

मान बरी झाली की दोन-तीन दिवसांची दाढी वाढवून या. रविवारी सकाळी नको, मधल्या वारी दुपारी 2 ते 5 मध्ये, तेव्हा कारागिराला घाई नसते. गालावर दोन्ही हात आणि मानेवर सुलटा व आडवा, असं बसतानाच सांगा. मान संध्याकाळी हाताला किंचित खरखरीत लागेल. ती तशीच राहू द्या, घरी रेझर फिरवू नका.