वेबसाइटींचा धंदा गुंडाळताना पाळायची पथ्यं

फ्रीलान्स वेब डिझाइन बंद करायचं ठरवलंत? उत्तम. नोकरी आहे, डोंबिवली फास्टमध्ये लोंबकळणं आहे, मुलीचे क्लास आहेत, सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा आहेत. तर पहिलं पथ्य: क्लायंटला कळू द्यायचं नाही. दोन महिने आधी लेखी कळवणं, शेवटची तारीख ठरवणं, त्यापुढच्या कामाला तासाचा दर लावणं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. आपण फोन सायलेंटवर टाकावा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिसऱ्या दिवशी ‘बघतो’ एवढंच लिहावं.

जुन्यांना नाही मात्र म्हणू नये. दादरच्या साडीवाल्या काकांना गणपतीआधी ‘फक्त एक बॅनर’ हवा असतो. साइट ज्या वर्डप्रेसवर उभी आहे त्यात लॉगिन केल्यावर दिसतं की थीम, म्हणजे साइटचा पेहराव, तीन वर्षं अपडेटच केलेली नाही. ती अपडेट केली की पानं मांडणारा पेज बिल्डर रुसतो. सर्व्हरवर अजून साइट चालवणाऱ्या पीएचपी भाषेची ७.४ आवृत्ती चालू, आणि तिचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलेत. रविवार गेला. पैसे? छे, काकांशी जुनी ओळख आहे.

डोमेन, म्हणजे साइटचा नाव-पत्ता, तर स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर ठेवा. क्लायंटच्या नावावर करायचं म्हणजे लॉक काढा, ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) द्या, तो त्याने आपल्या खात्यात घालायचा आणि डॉट कॉम असेल तर पाचेक दिवस वाट बघायची. दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) असेल तर काम काही मिनिटांचंच, म्हणजे टाळायला आणखी सोपं! ऑटो-रिन्यू आहेच की. तेवढ्यात बँक नवीन कार्ड पाठवते, जुन्या कार्डावरचं मँडेट गळून पडतं आणि रजिस्ट्रारचे इशारे प्रमोशन्सच्या टॅबमध्ये साचत राहतात. मुदत उलटल्यावर डॉट कॉम काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं. किती दिवस, ते रजिस्ट्रारवर. पुढचे ३० दिवस रिडेम्प्शनचे, नेहमीच्या फीवर दणदणीत दंड. त्यानंतर ५ दिवसांनी नाव कुणीही उचलावं. ठाण्याच्या डेंटिस्टबाईंचा फोन मात्र त्याआधीच येतो. साइट बंद पडल्याचं त्यांना कळलेलंही नसतं, त्यांची तक्रार ईमेलची असते. ईमेलला वाट दाखवणारे एमएक्स रेकॉर्ड त्याच डोमेनवर होते, हे त्यांना कोण सांगणार?

होस्टिंगही, म्हणजे साइटी ठेवायची भाड्याची जागा, एकच बरं. एका प्लॅनमध्ये अकरा साइटी कोंबल्या की एकीच्या जुन्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) शिरलेला चोर बाकी दहा घरं हिंडून येतो.

बॅकअप घ्याच. वर्डप्रेसचं डब्ल्यूपी-कंटेंट हे थीम आणि चित्रांचं फोल्डर कॉपी केलं की झालं. पानं, पोस्टी, ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात, पण तो दिसत कुठे असतो? फारच जिवावर आलं तर अख्ख्या साइटची ‘बॅकअप डॉट झिप’ बनवून पब्लिक एचटीएमएल या जगाला उघड्या फोल्डरमध्येच सोडून द्या. नाव ओळखायला सोपं, ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. आत डब्ल्यूपी-कॉन्फिग ही सेटिंगची फाइल असतेच, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड स्वच्छ अक्षरात.

रजिस्ट्रार, होस्टिंग, अ‍ॅडमिन लॉगिन, पेमेंट गेटवे आणि प्रत्येकाची मुदत एका कागदावर लिहून द्यायची फॅशन आहे म्हणतात. तिच्या नादी लागू नका. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येऊ द्या. क्लायंट रात्री साडेअकराला ‘ओटीपी आला का?’ विचारतो, तेव्हा आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय याचं समाधान वेगळंच.

राहता राहिला हिशोब. क्लायंट कंपनीने कापलेला १० टक्के टीडीएस आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो का, ते बघू नका. कापला म्हणजे भरलाच असणार. जीएसटी नंबर असेल तर तोही राहू द्या. शून्य उलाढालीचं ३बी हे नेहमीचं रिटर्न चुकलं तर रोजचे २० रुपये लागतात, पण रद्द करायचा म्हणजे आरईजी-१६ हा अर्ज भरा, मग तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरा. त्यासाठी सीएला फोन करावा लागेल, आणि त्याची साइट तुमच्याच होस्टिंगवर आहे, सोमवारपासून बंद.