‘ताण सोडा, गोळ्या सोडा’ या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. रक्तदाब, साखर आणि हृदयविकार केवळ ताणामुळे होतात, मन शांत झाले की गोळ्या लागत नाहीत, राग दाबू नये तर ओकून टाकावा आणि हसतमुख माणसाला झटका येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. तो वाचून निपाणीच्या माझ्या आत्याने रक्तदाबाची गोळी बंद केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक भाग गोळ्यांचा आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. तेव्हा ‘मला आता बरे वाटते’ एवढ्यावरून औषध थांबवणे म्हणजे मोजमाप न करता निकाल देणे होय. बीटा-ब्लॉकरसारखी, म्हणजे नाडी आणि रक्तदाब उतरवणारी, औषधे एकाएकी बंद केली तर नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला त्यातून झटकाही येऊ शकतो. प्राणायाम आणि चालणे यांनी रक्तदाब थोडा उतरतो, हे खरे. पण गोळी कमी करायची की नाही, हे नोंदी पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

ताणाचा संबंध मात्र नाकारता येत नाही, एवढे मान्य करावे लागते. 52 देशांतील सुमारे 25 हजार लोकांची पाहणी करून 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, घरी वा कामावर सतत ताण असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता दुपटीच्या आसपास आढळली. ताणाच्या वेळी शरीरात दोन संप्रेरके वाढतात: कॉर्टिसॉल यकृताला अधिक साखर सोडायला लावते आणि पोटाभोवती चरबी साठवायला मदत करते, तर ॲड्रेनलीन रक्तदाब चढवते. परंतु त्याच अभ्यासाने धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा घेर हेही ताणाच्या बरोबरीने मोजले आहेत, आणि ‘केवळ’ हा शब्द तिथेच खोटा ठरतो.

माणूस ताण कशाने हलका करतो, यावर हा संदेश एक शब्दही बोलत नाही. तंबाखूच्या व्यापारावर वाढलेल्या निपाणीच्या पट्ट्यात हे मौन मला अक्षम्य वाटते. कारखान्याने उसाचे बिल थकवले, सोसायटीचे कर्ज डोक्यावर बसले की ओठाखाली तंबाखूची चिमूट जाते, आणि इंटरहार्टच्याच आकडेवारीत तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. उलट कर्जाची फेड हप्त्यांत बांधून घेणे, घरात मोकळेपणाने बोलणे, झोप सांभाळणे, यांनी ताणाच्या मुळाशी थोडे तरी जाता येते.

राग ओकून टाकण्याचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. याच अभ्यासातील माहितीवरून 2016 मध्ये असे दिसले की तीव्र संताप किंवा भावनिक उद्रेकानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक होते. मनातले बोलणे वेगळे आणि आरडाओरडा करणे वेगळे. हसतमुखपणाविषयी एवढेच, की हसरा चेहरा पाहून कोणाचे कोलेस्टेरॉल कळत नाही.

ज्यांनी हा संदेश वाचून गोळी थांबवली असेल, त्यांनी आजच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा, गोळीचे पाकीट बरोबर न्यावे, आणि चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन गोळ्या घेऊ नयेत.