शंभरातले किती, आणि कोणते शंभर?

गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर एका जुन्या बातमीचं कात्रण फिरत होतं. दर पाच शाळकरी मुलांतलं एक तंबाखूच्या नादी लागलंय, असा मथळा. एका वडिलांनी लगेच हिशेब मांडला: आपला वर्ग पन्नासाचा, म्हणजे दहा मुलं. मग कोणीतरी विचारलं, ती दहा कोण? आणि कोणीतरी दोन मुलांची नावंही टाकली. सगळ्यांसमोर. त्यातला एक दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही.

मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. टक्केवारीचा धडा दरवर्षी घेते. म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

ते कात्रण ज्या पाहणीवरून निघालं ती खरी आहे आणि चांगली आहे. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची भारतातली चौथी फेरी. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये ९८७ शाळांतून ती केली, अहवाल ऑगस्ट २०२१ मध्ये आला. १३ ते १५ वयाच्या ८० हजारांहून जास्त मुलांची उत्तरं त्यात आहेत. त्यात म्हटलं होतं की साधारण १८ टक्के मुलांनी आयुष्यात कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतला आहे. 'कधी ना कधी' यात मामाच्या लग्नात मोठ्या भावांनी हातात दिलेला एक झुरकाही येतो. मथळ्यात ते 'कधी ना कधी' गळून पडलं आणि मुलं थेट 'नादी लागली'.

सध्या वापरणारी मुलं किती, हा आकडा त्याच अहवालात आहे: ८.५ टक्के. पण 'सध्या'चाही अर्थ नीट बघा. गेल्या ३० दिवसांत निदान एक दिवस. रोज ओढणारा आणि महिन्यात एकदा ओढणारा दोघेही त्या ८.५ मध्ये शेजारी शेजारी बसलेत. याच अहवालाची दुसरी बातमी अशी होती की दहा वर्षांत वापर ४२ टक्क्यांनी घटला. तीही खरी. २००९ मध्ये १४.६ होता, ८.५ वर आला. फरक ६.१ चा, आणि १४.६ चे ते जवळजवळ ४२ टक्के होतात. एकाच अहवालावरून एका घरात घबराट आणि दुसऱ्या घरात निर्धास्तपणा. दोन्ही घरांतल्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. २०१८ च्या शेवटी तिचा फोन आला होता. घाबरलेली. "अगं, इथं ७८ टक्के मुलं व्हेप ओढतात म्हणे, माझा आत्ताच हायस्कुलात गेलाय!" मी तिला आकडे शोधून पाठवायला लावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय युवा तंबाखू पाहणीत हायस्कूलच्या मुलांत ई-सिगारेटचं, म्हणजेच व्हेपचं, प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होतं, २०१८ मध्ये २०.८ झालं. वाढ ७८ टक्के. तिने वाढीचे टक्के मुलांचे टक्के म्हणून ऐकले. तिची चूक म्हणत नाही मी. मथळाच असा लिहिला जातो की ऐकणाऱ्याने तसंच ऐकावं.

पण खरं सांगायचं तर मला त्या आकड्यांत ७८ पेक्षा जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच ओळीची. व्हेप ओढणाऱ्यांपैकी महिन्यातले वीस किंवा त्याहून जास्त दिवस ओढणारे २०१७ मध्ये २० टक्के होते, वर्षात २७.७ झाले. आता गुणाकार करा. ११.७ चे २० टक्के म्हणजे सगळ्या हायस्कूलच्या शंभर मुलांत सव्वादोनच्या थोडं वर. २०.८ चे २७.७ टक्के म्हणजे पावणेसहा. एका वर्षात दुपटीहून जास्त. निकोटीनची सवय खरी इथं लागते, महिन्यातून एकदा चाखणाऱ्याला तितकी नाही. हा आकडा कुणाच्या तोंडी नव्हता.

पुढे २०१९ मध्ये तिथलं प्रमाण २७.५ पर्यंत चढलं आणि २०२४ मध्ये ७.८ वर उतरलं. आनंदाचीच गोष्ट. सिगारेट तर हायस्कुलात २०११ मध्ये १५.८ टक्के होती, ती २०२४ मध्ये दोनाच्याही खाली होती. पण २०२४ मध्ये जी मुलं व्हेप ओढत होती, त्यांतली साधारण पाव हिस्सा मुलं रोज ओढत होती. संख्या घटली तरी मागे राहिलेल्यांचा पाय जास्त रुतला आहे. त्यांना 'दहा वर्षांतला नीचांक' या बातमीने काय मिळणार?

म्हणून वर्गात मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: कोणते शंभर? 'कधी ना कधी'वाल्यांतले, महिन्यात एकदावाल्यांतले, की सगळ्या मुलांतले?

आपल्याच पाहणीतला एक आकडा घ्या. ५२ टक्के. धूर नसलेला तंबाखू, म्हणजे खाण्या-लावण्याचा, घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी तो दहावा वाढदिवस होण्याआधीच घेतला होता. सगळ्या मुलांतले ५२ नव्हेत, त्या थोड्या मुलांतले. तरीही वाचून माझा हात थांबला. दहा वर्षं म्हणजे चौथी-पाचवी. त्या वयात हा तंबाखू घरातूनच येतो, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

एकदा मी वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. तंबाखू खाता का? जवळजवळ सगळ्या 'नाही'. नंतर विचारलं, मिश्री लावता का? चिठ्ठ्यांचा दुसरा ढीग उघडताना मला खुर्चीवर बसावं लागलं. सुटी झाल्यावर एक मुलगी थांबली. हिरड्या काळपट, बोट अजून तसंच. "बाई, मिश्री तर दात घासायला असते ना? आजी पण लावते." तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून त्याची पूड करतात, हे तिने रोज चुलीपाशी पाहिलं होतं. फक्त त्याला कुणी तंबाखू म्हटलं नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती. प्रश्नातला शब्द तिच्या घरचा नव्हता.

आणि पाहणी शाळेत होते. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली काही बाकं रिकामी होतात, ती मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. फडावरच्या त्या मुलांचं उत्तर कुठल्या शंभरात धरायचं?

ग्रुपवर नावं टाकणाऱ्यांना मी शनिवारच्या सभेत हेच सांगणार आहे, आणि अहवालातली आणखी एक ओळ वाचून दाखवणार आहे. सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ६९ टक्क्यांनी ती दुकान, टपरी नाहीतर रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतली होती, आणि ४५ टक्क्यांना वय कमी म्हणून कुणी नाकारलंच नाही. अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायचं नाही, असा कायदा २००३ पासून आहे. मोजमापाच्या तासाला मी नववीच्या मुलांना टेप देऊन फाटकापासून टपरीपर्यंत पाठवलं. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. मुलांनी दोनदा मोजलं, ६३ मीटर भरलं. आकडा वहीत लिहिला, अर्जातही लिहिला, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. अर्ज देऊन चार महिने झाले. टपरीला टांगलेला लायटर आजही आमच्या सातवीच्या खिडकीतून दिसतो.