लेस्टर पॅट्रिक १९२८ साली गोलमध्ये उभा राहिला. त्या गोष्टीत खरं किती?

आइस हॉकीतली एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. न्यूयॉर्क रेंजर्सचा गोलरक्षक जखमी झाला, हलगर्जीपणामुळे संघाने दुसरा ठेवलाच नव्हता, तेव्हा खेळ कधीच सोडून दिलेला ४४ वर्षांचा प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक आयुष्यात पहिल्यांदा गोलमध्ये उतरला, एकही गोल होऊ दिला नाही आणि स्टॅनली कप, म्हणजे या खेळातला सर्वोच्च चषक, जिंकून दिला. वय बरोबर, दुखापतही खरी. बाकीचं टिकत नाही.

‘कप जिंकून दिला.’ ७ एप्रिल १९२८चा तो अंतिम मालिकेतला दुसरा सामना होता. पहिला माँट्रियल मरून्सनी २-० जिंकला होता. पॅट्रिकच्या सामन्याने मालिका १-१ झाली, इतकंच. तिसरा पुन्हा मरून्सनी २-० घेतला. मग रेंजर्सनी १-० आणि २-१ असे दोन जिंकले. या शेवटच्या तिन्ही सामन्यांत गोल सांभाळला तो न्यूयॉर्क अमेरिकन्सकडून उसना आणलेल्या जो मिलरने. त्याचं नाव कुणी घेत नाही, हा उघड अन्याय आहे.

‘एकही गोल नाही.’ एक झाला. दुसऱ्या सत्रात मरून्सच्या नेल्स स्ट्युअर्टचा फटका रेंजर्सचा गोलरक्षक लॉर्न शॅबोच्या डोळ्यावर बसला तेव्हा गुणफलक ०-० होता. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच बिल कुकने रेंजर्सना आघाडी दिली, स्ट्युअर्टने पॅट्रिकला चकवून बरोबरी साधली आणि जादा वेळेत रेंजर्सच्या फ्रँक बूशेने गोल करून सामना संपवला. १९ फटक्यांपैकी १८ अडले. यामागे नियमांचाही हात होता: तेव्हा आक्रमण क्षेत्रात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडच्या भागात, पुढे पास देता येत नसे, चकती (आइस हॉकीत चेंडूच्या जागी असते ती) स्वतः काठीवर नेत आत घुसावं लागे. त्यामुळे रेंजर्सनी मरून्सना मैदानाच्या मध्यावरच अंगाने अडवलं की उरत ते लांबचे फटके.

‘दुसरा गोलरक्षकच ठेवला नव्हता.’ हा हलगर्जीपणा नव्हता. त्या काळी संघ एकच गोलरक्षक बाळगत आणि ऐनवेळी बाहेरचा घ्यायचा तर प्रतिस्पर्ध्याची संमती लागे. ओटावाचा गोलरक्षक अलेक कॉनेल प्रेक्षकांत बसलेला होता. मरून्सचा प्रशिक्षक एडी जेरार्डने नकार दिला.

‘आयुष्यात पहिल्यांदा.’ पूर्वी गोलरक्षकाला शिक्षा झाली तर तो स्वतः बाहेर बसे आणि त्याच्या जागी मैदानातला खेळाडू उभा राहायचा. पॅट्रिकने हे काम खेळाडू असताना केलेलं होतं. खेळही त्याने फार पूर्वी सोडलेला नव्हता: १९२५-२६मध्ये तो कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराच्या संघातून खेळत होता, १९२६-२७मध्ये रेंजर्सकडूनही एक सामना बचावपटू म्हणून खेळला.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो न बोललेला दावा: की त्याची ओळख त्या एका रात्रीपुरती. पॅट्रिक मूळचा बचावपटू, आणि बचावपटूने चकती घेऊन थेट चढाई करायची ही रीत रुजवणाऱ्यांत तो अग्रणी. १९०६मध्ये माँट्रियल वाँडरर्स विरुद्ध ओटावा ही लढत दोन सामन्यांच्या एकूण गोलांवर ठरणार होती. वाँडरर्सनी पहिला ९-१ जिंकला. दुसऱ्यात ओटावाने सगळी पिछाडी भरून काढत एकूण १०-१० केलं. तिथून शेवटचे दोन्ही गोल पॅट्रिकचे. एकूण १२-१०, कप वाँडरर्सकडे. एकट्याने कप खेचून आणल्याची गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगावी.

१९११मध्ये भाऊ फ्रँकसोबत त्याने पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन ही लीग उभी केली. त्यासाठी वडिलांच्या लाकूड व्यवसायाच्या विक्रीतून आलेला पैसा व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हरमधल्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानांत, घातला; कृत्रिम बर्फाचे कॅनडातले हे पहिले रिंक. मैदानाचे तीन भाग पाडणाऱ्या निळ्या रेषा, मधल्या क्षेत्रात पुढे पास, पेनल्टी शॉट हे याच लीगने आणलं. १९२५मध्ये त्याच्या व्हिक्टोरिया कूगर्सनी माँट्रियल कॅनेडियन्सना हरवून कप घेतला. एनएचएल, म्हणजे रेंजर्स ज्या लीगमध्ये खेळतात ती, तिच्याबाहेरच्या संघाने स्टॅनली कप जिंकल्याची ती आजवरची शेवटची वेळ. रेंजर्सना त्याने १९३३मध्ये दुसरा कप मिळवून दिला, तोही बाकावरून.