‘पोरांना गाड्या पुसायला लावताय’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी मी इथे लिहिलं होतं, की शहरातल्या एका आयटीआयत एमएमव्हीच्या, म्हणजे मोटर मेकॅनिकच्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन दिवस कार डिटेलिंगचं, म्हणजे गाडी कसून स्वच्छ करून तिच्या रंगावरचे ओरखडे काढण्याचं, काम दाखवून आलो आणि पुढे पोटापाण्यासाठी हाही एक रस्ता आहे असं त्यांना सांगितलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तीस वर्षं निदेशक म्हणून काढलेल्या माणसाची आहे, म्हणून दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आईबाप पोटाला चिमटा काढून मुलांना इंजिन शिकायला पाठवतात, आता तर ईव्ही शिकायचे दिवस आलेत, आणि मी त्यांच्या हातात फडकं देतोय. माझं स्वतःचं डिटेलिंगचं दुकान आहे, मला स्वस्तातली पोरं हवीत. आणि अख्ख्या लेखात पगाराबद्दल एक ओळ नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी चुकलो.

पगाराबद्दल लिहायलाच हवं होतं. नवीन लागलेल्या मुलाच्या हातात पहिले पाच-सहा महिने बादली, प्रेशर वॉशर आणि व्हॅक्यूम एवढंच असतं. पैसे सोसायटीच्या गेटवरच्या सिक्युरिटीएवढे, कधी त्याहून कमी. त्याच्याच वर्गातला मित्र चाकणला कंत्राटावर लागला तरी त्याला कंपनीची बस असते, कँटीनचं जेवण असतं. याला दोन्ही नाही. पीएफची सक्ती वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना असते आणि मला माहीत असलेल्या दुकानांत पाच-सात माणसांच्या वर कोणी नाही, म्हणजे पीएफ मालकाच्या मर्जीवर. पावसाळ्यात दिवसभर पाय ओले राहून चिखल्या होतात. पॉलिशिंग मशीनच्या थरथरीने संध्याकाळी बोटं बधिर होतात. काही ठिकाणी चाकं चमकवायला चक्क फरशीचं ॲसिड वापरतात, तेही हातमोज्यांशिवाय. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी लेखात आलं नाही, कारण मुलांच्या उत्साहाबद्दल लिहिताना मी वाहवत गेलो. मुलांना वर्गात सांगितलं होतं, पण वाचणाऱ्या आईबापांना सांगितलं नाही.

दुकानाचंही मान्य. वारज्याला माझं दुकान आहे आणि ते लेखाच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं. त्या तुकडीतला एकही मुलगा मी कामावर घेतलेला नाही. पुढे घेतलाच तर १९६१च्या ॲप्रेंटिसशिप कायद्याप्रमाणे रीतसर नोंद करून, विद्यावेतन देऊन घेईन. ‘शिकायला ये, पैसे नंतर बघू’ ही पद्धत आमच्या धंद्यात आहे आणि मला तिची चीड आहे. का, ते पुढे सांगतो.

पण सर, ‘गाड्या पुसणं’ हा शब्द मला मान्य नाही. तुम्ही मुलांना व्हर्नियर शिकवला असेल, म्हणून तुमच्याच मापात बोलतो. व्हर्नियर या मोजपट्टीचा लीस्ट काउंट, म्हणजे तिच्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. गाडीच्या पत्र्यावर ईडी कोट (गंज रोखणारा सगळ्यात खालचा थर), प्रायमर, बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास. म्हणजे व्हर्नियरचे दोन-अडीच भाग, बस. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, सगळं तेवढ्या थराने सोसायचं. ओरखडे काढायचे म्हणजे त्याच थरातले काही मायक्रॉन कापून पृष्ठभाग पुन्हा सपाट करायचा. कापलेलं परत येत नाही. गाडीच्या अख्ख्या आयुष्यात ही कापणी मोजून करावी लागते. या कामातलं खरं कसब कुठे थांबायचं ते कळण्यात आहे. ज्या मुलाला हे कळत नाही तो ग्राहकाच्या गाडीचं आयुष्य खातो, आणि ग्राहकाला ते दोन वर्षांनी क्लिअर कोट सोलायला लागला की समजतं.

पहिल्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो. आवारात एक जुनी पांढरी हॅचबॅक होती. धुऊन, कोरडी करून मुलांना विचारलं, स्वच्छ झाली का? सगळे हो म्हणाले. मग एकाच्या हातावर किराण्याची पातळ पिशवी चढवली आणि बॉनेटवरून बोटं फिरवायला सांगितली. पिशवीतून स्पर्श जास्त जाणवतो. त्याने हात झटकन मागे घेतला. म्हणाला, “सर, पॉलिश पेपरसारखं लागतंय.” ते लोखंडाचे कण होते. ब्रेक डिस्कमधून उडतात, रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. शाम्पूने ते निघत नाहीत. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारं रसायन, मारला आणि मिनिटाभरात पांढऱ्या रंगावरून जांभळे ओघळ वाहायला लागले. मागे उभी असलेली मुलं पुढे आली ती तेव्हा. मग क्ले, म्हणजे उरलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवला, पुन्हा पिशवी, पुन्हा बोटं. बॉनेट काचेसारखं लागत होतं. प्रत्येकाला आपला हात लावून बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी रंगाची जाडी मोजायचं मीटर दिलं. तुकडीत दोन मुली होत्या. त्यातली एक कुणी न सांगता वहीत गाडीचं चित्र काढून प्रत्येक पॅनेलचे आकडे लिहीत गेली. बॉनेट ११२, ११८, छप्पर ११५. मागच्या डाव्या दरवाजापाशी थांबली. तीनदा मोजलं. २६४, २७१, २५९. माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “सर, हा दरवाजा परत रंगवलाय ना?” रंगवला होता. डोळ्यांनी मलाही दिसला नव्हता. मग बंपरवर मीटर आकडाच दाखवेना, तेव्हा तिनेच मैत्रिणीला सांगितलं की हे प्लॅस्टिक आहे, मीटरला धातू लागतो. चुंबकीय प्रवर्तन तिने पुस्तकात वाचलं होतं. ते कामाला आलेलं तिने त्या दिवशी पाहिलं. जुन्या गाड्या घेणारे-विकणारे या नजरेचे पैसे देतात, सर. ही मुलगी गाड्या पुसत नव्हती.

आता चीड का, ते. मी शिकत होतो तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो. एक दिवस मुख्य कारागीर आला नाही. मालकाने रोटरी, म्हणजे गोल फिरणारं पॉलिशिंग मशीन माझ्या हातात दिलं आणि काळ्या सेडानकडे बोट दाखवलं. कडेवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे आधी टेप लावायची, मशीन टेकवून ठेवायचं नाही, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. बॉनेटच्या कडेला मशीन दोन सेकंद जास्त थांबलं. पांढरं पॅड काळं झालेलं दिसलं आणि पोटात गोळा आला. क्लिअर कोट संपून खालचा रंग पॅडला लागला होता. बॉनेट पुन्हा रंगवायचा खर्च चार महिने माझ्या पगारातून कापला. घरी सांगितलं नाही, ओव्हरटाइम करून भरला.

तुमच्या हाताखाली फायलिंग करताना, म्हणजे कानशीने घासताना, किती जॉब, म्हणजे सरावाचे तुकडे, वाया गेले असतील! गेले तरी मुलांना त्याचे पैसे भरावे लागले नाहीत. आयटीआय त्यासाठीच असते. आमच्या कामात मात्र पहिला जॉब ग्राहकाच्या बारा-पंधरा लाखांच्या गाडीवर होतो आणि वाया गेला तर मुलाच्या पगारातून जातो. नाना पेठेत किंवा भंगारवाल्याकडे चेपलेलं बॉनेट मिळतं. त्यावर मुलांनी रंग जाळावा, आरपार जाळावा, आणि पॅडचा रंग बदलताना पाहावा. दोन दिवसांत मी त्यांना तेही करू दिलं. आयटीआयतून बाहेर पडलेली काही मुलं आजही आमच्यासारख्या दुकानांत येतातच, तुम्ही आणि मी चर्चा करू न करू. ती न शिकता येतात, हा माझा आक्षेप आहे.

ईव्हीबद्दल तुमच्याशी वाद नाही. मुलांनी जरूर शिकावी, हाय व्होल्टेजची शिस्त तर आधी शिकावी. पण ईव्हीचा पत्राही तसाच रंगवलेला असतो आणि पुण्याचं पाणी तिच्यावरही तेच पडतं. टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत गाडी धुऊन उन्हात वाळली, की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके उरतात आणि वेळेत काढले नाहीत तर रंगात खड्डा करतात. त्यात बाजूला बांधकाम असलं की सिमेंटची धूळ. सकाळी सहाला एकाच बादलीत दहा गाड्या धुणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, महिन्याच्या त्या पैशांत त्याला दुसरी बादली परवडत नाही. पण त्या फडक्यातली धूळच रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे काढते, आणि ते काढून घ्यायला लोक आमच्याकडे येतात.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली, तीही लेखात राहिली. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर द्यायचा संरक्षक थर, विकताना ‘९एच, ओरखडा पडणारच नाही’ असं सांगितलं जातं. ९एच हे पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचं माप आहे आणि कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो. हायवेवर उडालेला खडा तो अडवत नाही. त्यासाठी जाड पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, लागते. असं खोटं विकून पैसे लवकर मिळतात, हे मुलं बाहेर पडल्यावर पाहणारच होती. आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं, असं मला वाटलं.

पगाराचा दुसरा भाग सांगायचा राहिला. पेंट करेक्शन, म्हणजे रंगावरचे ओरखडे काढायचं काम, एकट्याने, न चुकता करणारा माणूस पुण्यात शोधावा लागतो आणि तो दुकान सोडून गेला की ग्राहक त्याच्यामागे जातात. गॅरेज टाकायला लिफ्ट, स्कॅनर, जागा लागते. इथे एक चांगलं मशीन, पॅड, व्हॅक्यूम, दिवा आणि दुचाकी असली तरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सुरुवात होते. माझी तशीच झाली. तिथपर्यंत पोचायला तीन वर्षं लागली आणि ती वर्षं कठीण होती, हे आता लेखात जोडतो आहे.

पुढचं सत्र दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ठेवलं आहे. तेव्हा बॉनेटवर ओल्या झेंडूच्या माळांचे आणि हळदी-कुंकवाचे डाग असलेल्या गाड्या मिळतात, शिकवायला उत्तम. यावेळी मी एकटा नसेन. दुसऱ्या दुकानातले दोन कारागीर त्यांच्या पगाराबद्दल, तब्येतीबद्दल स्वतः बोलतील. पहिला तास तुम्ही घ्यावा अशी विनंती आहे: व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि मायक्रॉन म्हणजे काय, हे तुमच्याइतकं नीट मला शिकवता येत नाही. तुमची गाडीही घेऊन या. एखादा पॅनेल परत रंगवलेला असेल तर मुलांना आधी सांगू नका, त्यांना मीटर लावून शोधू दे.